वाचकांचे प्रश्न : चष्मा कापला आणि डोळाच खाली पडला

मागच्या अंकात स्क्रोल सॉवर लिहिलं होतं, म्हणजे ते बारीक पात्याचं मशीन ज्यात पातं उभं वर-खाली होतं आणि आपण लाकूड फिरवत फिरवत नक्षी कापतो, आणि त्यावर माणसांचे चेहरे कसे कापतात त्याची थोडी तोंडओळख करून दिली होती. त्यानंतर बरीच पत्रं आणि मेसेज आले. त्यातले बरेचसे फिरून फिरून एकाच जागी येतात, म्हणून त्या पहिल्या प्रश्नाला या वेळी जास्त जागा दिलीय, बाकीच्यांनी समजून घ्या.

प्रश्न : वडिलांचा जुना फोटो आहे, जाड काळ्या फ्रेमचा चष्मा लावलेला. मोबाइलवर काळा-पांढरा केला, प्रिंट काढून ३ मिमी प्लायवर चिकटवली आणि काळं तेवढं सगळं कापत गेलो. चष्म्याचा गोल पूर्ण झाला आणि डोळ्यासकट काचेचा अख्खा भाग भुशात पडला. फेविकॉलने परत बसवला पण तो वाकडाच दिसतोय. माझं काय चुकलं? — निवृत्त बँक कर्मचारी, नौपाडा

तुमचा हात नाही चुकला, पॅटर्न चुकला, म्हणजे लाकडावर चिकटवलेलं ते काळं-पांढरं चित्र. हे आधी सांगतो कारण पत्रात तुम्ही तीन वेळा हाताला दोष दिलाय.

रिक्षाच्या मागे स्टेन्सिल ठेवून नंबर रंगवतात तो आठवा. त्यातला शून्य कधी पूर्ण गोल नसतो, वर-खाली दोन ठिकाणी तुटलेला असतो, कारण पूर्ण गोल कापला तर मधला पत्रा पडणारच. लाकडातल्या चेहऱ्याचं गणित अगदी तेच आहे. काळं म्हणजे कापून काढायचं, पांढरं म्हणजे लाकूड राहणार, आणि राहणारं सगळं लाकूड कुठून ना कुठून तरी एकमेकांना धरून असलं पाहिजे. चारी बाजूंनी काळ्याने वेढलेला पांढरा ठिपका म्हणजे बेट, आणि बेट खाली पडतं. त्याला धरून ठेवणारी जी बारीक पट्टी ठेवतो तिला आम्ही पूल म्हणतो.

आता चष्मा. फ्रेम काळी, म्हणजे कापायची, आणि तिच्या आत काच, पापणी, बुबुळ सगळं बेट झालं. तर फ्रेमची रेषा दोन-तीन ठिकाणी तोडायची. पण कुठे तोडायची ते महत्त्वाचं. भिंग घेऊन मूळ फोटो नीट बघा, जुन्या जाड फ्रेमवर वरच्या कोपऱ्यात, नाहीतर नाकाजवळ, कुठेतरी प्रकाशाची एक बारीक चमक असते. पूल तिथेच टाका. बघणाऱ्याला तो पूल वाटतच नाही, फ्रेम चमकतेय असं वाटतं, आणि तुटलेली रेषा त्याचा डोळा स्वतःच पुरी करून घेतो. दुसरा पूल खालच्या कडेला गालाच्या बाजूने टाका, तिथे फ्रेम तशीही फोटोत उडालेलीच असते. बुबुळातला प्रकाशाचा पांढरा ठिपका, ज्याने डोळा जिवंत दिसतो, तोही बेटच असतो. तो मधोमध तरंगत ठेवू नका, ओढून बुबुळाच्या कडेला आणा आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागाला नाहीतर वरच्या पापणीला जोडा. दोन्ही डोळ्यांत ठिपका एकाच बाजूला हवा, एकात डावीकडे आणि एकात उजवीकडे झाला की माणूस तिरळा दिसतो.

बेटं शोधायची सोपी पद्धत सांगतो. जिम्प नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फोटो ग्रे करा, किंचित ब्लर करा आणि थ्रेशोल्ड लावा म्हणजे नुसतं काळं आणि पांढरं उरेल. मग रंगाची बादली घ्या, लाल रंग निवडा आणि चित्राच्या बाहेरच्या पांढऱ्या कडेवर एकदा क्लिक करा. जिथपर्यंत लाकूड जोडलेलं आहे तिथपर्यंत लाल पसरेल. जे पांढरं उरलं ते सगळं खाली पडणार. एकेक पूल काढत जा आणि परत बादली ओता, पांढरं काही उरेनासं होईपर्यंत. मी एका चेहऱ्याला दोन-दोन संध्याकाळी यातच घालवतो आणि त्या वाया गेल्या असं मला कधीच वाटलेलं नाही. पूल २ मिमीपेक्षा बारीक नको. प्लायच्या वरच्या थराच्या रेषा ज्या दिशेने जातात त्या दिशेने लांब पूल टिकतो, आडवा असेल तर तो आखूड आणि थोडा जाड ठेवा, नाहीतर पॉलिश पेपर मारताना तुटतो.

मशीनला हात लावायच्या आधी प्रिंटची एक जादा कॉपी घ्या आणि कटरने कागदातच कापून बघा. कागद उचलून काळ्या कपड्यावर ठेवला की वडील दिसतायत का नाही ते कळतं, आणि नसतील दिसत तर फक्त कागद गेला, प्लाय नाही.

फोटोबद्दल अजून एक. पासपोर्ट फोटो समोरून फ्लॅश मारून काढलेला असतो, चेहऱ्यावर सावलीच नसते, मग थ्रेशोल्ड लावलं की दोन भुवया आणि ओठ उरतात, माणूस गायब. त्यापेक्षा जुन्या स्टुडिओतले फोटो फार चांगले, तिथे लाइट एका बाजूने मारायचे त्यामुळे नाकाची, गालाची, हनुवटीखालची सावली स्पष्ट मिळते. वडिलांचा असा एखादा फोटो ट्रंकेत आहे का बघा. आणि हसरा फोटो असेल तर दातांच्या मधल्या रेषा कापू नका, दात एकच पांढरी पट्टी म्हणून सोडून द्या, रेषा कापल्या की कवटी दिसते.

मी वागळे इस्टेटमध्ये बरीच वर्षं पॅटर्न मेकर होतो, कास्टिंगसाठी, म्हणजे साच्यात लोखंड ओतून करायच्या वस्तूंसाठी, लाकडी पॅटर्न करायचो. तो पॅटर्न म्हणजे ज्याच्याभोवती साचा भरतात तो नमुना. लोखंड थंड होताना फुटाला साधारण एक अष्टमांश इंच आकसतं म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. ते विसरलं तर साचा कितीही सुबक भरा, प्रत्येक कास्टिंग लहानच निघणार, आणि शिव्या मात्र साच्यावाला खाणार. तुमच्या चष्म्याचं तसंच झालंय, पत्र वाचताना मला तेच आठवत होतं. पडलेला डोळा चिकटवत बसू नका, नवीन प्लाय घ्या.

प्रश्न : काका, स्पायरल ब्लेड घ्यावं का साधं? व्हिडिओत सगळे स्पायरल वापरतात पण माझ्या रेषा थरथरल्यासारख्या येतात आणि कडा जळतात. — गृहिणी, नेरूळ

ताई, दोन्ही जवळ ठेवा, पण सुरुवात साध्या चपट्या पात्याने करा.

स्पायरल म्हणजे पीळ दिलेलं पातं, त्याला सगळीकडे दात. लाकूड न फिरवता नुसतं पुढे-मागे-बाजूला सरकवलं तरी कापतं. मोठ्या पोर्ट्रेटला ते लागतंच, कारण १६ इंची मशीनला पात्यापासून मागच्या खांबापर्यंत १६ इंचच जागा असते, त्याहून मोठी फळी गोल फिरतच नाही, कुठेतरी अडकते. केस, दाढी, झाडाची पानं अशा ठिकाणी स्पायरलची जराशी खरखरीत कडा शोभूनही दिसते. पण ते लाकडाच्या रेषेबरोबर वाहवत जातं, सरळ रेषा आणि टोकदार कोपरा त्याला जमत नाही. म्हणून नाकाची कड, चष्मा, शर्टाची कॉलर चपट्या पात्याने कापा.

चपटं पातं नंबरवर मिळतं, नंबर वाढला की पातं जाड. ३ मिमी प्लायला २/० (हे शून्य नंबराहूनही बारीक) किंवा १ नंबर घ्या, त्याला खालचे काही दात उलटे असलेलं म्हणजे रिव्हर्स टूथ मिळालं तर उत्तम, मागच्या बाजूला कुसळं कमी उठतात. बहुतेक चपटी पाती थोडी उजवीकडे ओढतात, एका कडेला कारखान्यातूनच बारीक बर, म्हणजे धातूची खरखरीत कोर, राहिलेली असते त्यामुळे. तुमचा हात वाकडा जात नाहीये, लाकूड किंचित तिरकं धरून ढकला, दोन-तीन दिवसांत हाताला सवय होते.

थरथर येते ती बहुतेक ढिल्या पात्याने. ताण दिल्यावर पात्याला नखाने टिचकी मारा, तुणतुण्याच्या तारेसारखा बारीक टणक आवाज आला पाहिजे, भद्द आला तर अजून ताणा. दात खाली बघतायत ना तेही तपासा, उलटं बसलं की लाकूड टेबलावर नाचायला लागतं. जळण्यावर उपाय म्हणजे पॅटर्नवर वरून पारदर्शक पार्सल टेप लावायची, तिच्यामुळे पातं बरंच कमी तापतं, आणि पातं वेळेवर बदलायचं. लाकूड ढकलायला जोर लागायला लागला म्हणजे पातं संपलं. प्लायमधला गोंद दात लवकर खातो, मी साधारण अर्ध्या तासाला बदलतो आणि त्यात कंजुषी करत नाही.

पाती आणायला मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात एक चक्कर मारा, तुम्हाला हार्बरने थेट मस्जिदला उतरता येईल, ठाण्याच्या लोकांना सेंट्रलनेही तेच स्टेशन. फक्त टोकांना आडवी पिन असलेलं पातं घेऊ नका. आतला भाग कापायला आधी भोक पाडून त्यातून पातं ओवावं लागतं. पिन जायला भोक मोठं लागतं आणि बुबुळात तेवढी जागा नसते. बिनपिनचं १ मिमीच्या भोकातून जातं. मशीनला दोन्ही लागतात का ते विकत घ्यायच्या आधीच विचारून घ्या, स्वस्तातल्या काही मशीनना फक्त पिनवालीच लागतात आणि मग पोर्ट्रेटचं घोडं तिथेच पेंड खातं.

प्रश्न : जूनमध्ये कापलेलं पोर्ट्रेट ऑगस्टपर्यंत पापडासारखं वळलं. प्लाय खराब होता का? — ऐरोली

खराब असेलही, पण जास्त शक्यता अशी की तुम्ही पुढून पॉलिश मारलं आणि मागची बाजू कोरी सोडली. खाडीकाठची हवा आहे आपली, पावसात कोरी बाजू दमट हवा पिऊन फुगते, पॉलिशवाली फुगत नाही, मग फळी वळणारच. दोन्ही बाजूंना सारखेच हात मारा, आणि कापलेल्या बारीक कडांनाही. नाहीतर उथळ ट्रेमध्ये तेल घेऊन पोर्ट्रेट त्यात बुडवून काढा आणि उभं करून निथळू द्या, कोपऱ्याकोपऱ्यात ब्रश जात नाही तिथे तेल जातं. पण तेलाची फडकी चुरगळून डब्यात टाकू नका, जवसाच्या तेलाची फडकी आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा.

प्लाय घेताना कडेकडून बघा. थरांमध्ये काळ्या फटी दिसल्या तर तो फर्निचरच्या मागच्या बाजूला ठीक आहे, आपल्याला नाही, कारण नेमका ओठाखाली पोकळ भाग आला की ओठ तुटून येतो. बर्च प्लाय मिळाला तर घ्या, महाग पडतो पण आतपर्यंत भरीव असतो. घरी आणल्यावर आडवा, सपाट, वर वजन ठेवून आठवडाभर राहू द्या. भिंतीला तिरका टेकवून ठेवलेला प्लाय कापायच्या आधीच वळलेला असतो. एमडीएफला, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळीला, रेषाच नसतात त्यामुळे सुंदर कापलं जातं, पण बारीक पूल त्यात कमजोर राहतात आणि ओल लागली की फुगतं. सागाची पातळ फळी मोह पाडते खरी, पण रेषेवर चिरफळते, चेहऱ्यासाठी मी ती घेत नाही.

प्रश्न : मी आयटीआयला आहे, मशीन घ्यायची ऐपत नाही. हाताने होईल का? — कोपरखैरणे

होईल. हाताची फ्रेटसॉ घे, धनुष्यासारखी फ्रेम असते, काही शेकड्यांत येते आणि पातं तेच बारीक. टेबलाच्या कडेला व्ही आकाराची खाच कापलेली एक फळी क्लॅम्पने बसव आणि त्या खाचेवर काम धर, हात उभाच वर-खाली राहिला पाहिजे. पहिलं चित्र बाजूने बघणाऱ्या चेहऱ्याचं घे. शिवाजी महाराजांची बरीच चित्रं तशीच असतात, एकच डोळा, जिरेटोप, दाढी, नाकाची ठसठशीत रेषा, आणि थोडं इकडेतिकडे झालं तरी बघणारा लगेच ओळखतो. तू कापलेलं मला बघायचंय, फोटो नक्की पाठव.

प्रश्न : भाचा अमेरिकेतून येतोय, तिकडची स्क्रोल सॉ आणायला सांगू का? — खारघर

नको. तिकडची वीज १२० व्होल्ट आणि ६० सायकल (हर्ट्झ), आपल्याकडे २३० आणि ५०. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावूनही सायकल बदलत नाही, मोटर कुठली आहे त्यावर मशीन नीट चालेल की नाही ते ठरतं, आणि स्पेअर पार्टसाठी परत भाच्याकडेच बघायचं. त्यापेक्षा त्याच्याकडून चांगली पाती मागवा, डझनांची पाकिटं असतात, वजन काहीच नाही, फक्त चेक-इन बॅगेत ठेवायला सांगा.

प्रश्न : घोडबंदर रोडला फ्लॅटमध्ये राहतो. खालचे लोक आवाजाची तक्रार करतात, घरात वडिलांना दमा आहे. छंद सोडून द्यावा का? — घोडबंदर रोड, ठाणे

आवाजाचा प्रश्न सुटण्यासारखा आहे, कारण खाली पोचते ती मुख्यतः थरथर. मशीन जाड फळीला बोल्टने पक्कं करा, फळीखाली जाड रबर मॅट टाका, टेबल भिंतीपासून सुटं ठेवा, स्पीड निम्म्यावर आणा. पोर्ट्रेटला तसाही जास्त स्पीड लागत नाही. आणि खालच्यांना स्वतः जाऊन वेळ विचारून घ्या, मी अकरा ते एक ठरवून घेतलीय आणि एक वाजला की रेषा अर्धवट असली तरी थांबतो.

भुशाचं मात्र मी हलक्यात घेऊ देणार नाही. मशीनला बारीक नळीतून फुंकर मारायची सोय असते, रेषा दिसावी म्हणून, आणि ती सगळा बारीक भुसा घरभर उडवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या भुशाला माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींमध्ये धरलंय, आणि दमेकऱ्याला तर त्रास व्हायला तेवढं लांब जावंच लागत नाही. टेबलाखाली व्हॅक्यूमची नळी बांधा, तुम्ही स्वतः एन-९५ मास्क लावा, कापडी नाही. काम झाल्यावर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. एमडीएफ घरात अजिबात कापू नका. आणि एवढं सगळं करूनही वडिलांना धाप लागली तर घरात मशीन चालवायचं नाही, कुणा मित्राचा गाळा, सोसायटीची गच्ची, काहीतरी बघा, तोपर्यंत घरी पॅटर्न काढा, खरं काम तसंही तिथेच असतं.

प्रश्न : लेझरवाला हेच दहा मिनिटांत कापून देतो. मग महिनाभर हात कशाला झिजवायचे? — वाशी

शाळेच्या गॅदरिंगला पन्नास ट्रॉफ्या हव्या असतील तर लेझरवाल्याकडेच जा, मीही पाठवतो लोकांना. थर्माकोलवर २०१८ ला बंदी आल्यापासून गणपतीची एमडीएफ मखरं लेझरवर कापलेली आपण बघतोच, छान असतात. लेझरची कडा जळून तपकिरी होते आणि वास राहतो, करवतीची कडा स्वच्छ लाकडाच्या रंगाची राहते, हा फरक आहे. पण माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट वेगळीच आहे. आजोबांच्या कपाळावरची आठी कापायला मला वीस मिनिटं लागली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ती उजवीकडे जास्त खोल होती. इतकी वर्षं ज्यांच्याबरोबर जेवायला बसलो त्यांच्या चेहऱ्याकडे मी तोपर्यंत एवढा वेळ बघितलंच नव्हतं. ते मला हवं होतं म्हणून मी हाताने कापतो. तुम्हाला नुसती भिंतीवर लावायला वस्तू हवी असेल तर लेझर अगदी योग्य. पॅटर्नमधली बेटं मात्र त्यालाही चुकत नाहीत, त्याचाही डोळा खाली पडतो.

प्रश्न : आई मार्चमध्ये गेली. तिचा पॅटर्न तयार आहे, भोकं पाडून ठेवलीत, पण डोळ्यांत पातं घालायला हात धजत नाही. दोन महिने प्लाय तसाच पडून आहे. — पाचपाखाडी

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. घाई करू नका, पण प्लाय पावसात तसाच ठेवू नका, कपड्यात गुंडाळून सपाट ठेवा.

मी काय करतो ते सांगतो. पॅटर्नमधला फक्त डोळ्यांचा भाग, भुवयांपासून नाकाच्या मध्यापर्यंत, वेगळा प्रिंट करतो आणि टाकाऊ प्लायच्या तळहाताएवढ्या तुकड्यांवर चिकटवून कापतो. एक तुकडा बिघडतो, दुसरा बिघडतो, चौथ्या-पाचव्याला हात शांत होतो. आधी बुबुळ, मग वरची पापणी, मग खालची, अशाच क्रमाने, म्हणजे सगळ्यात बारीक काम भोवती लाकूड भक्कम असताना होतं. प्रत्येक भोकाच्या मागच्या बाजूला उठलेली कुसळं पॉलिश पेपरने काढून टाका, नाहीतर लाकूड टेबलावर अडकतं आणि नेमका त्याच क्षणी हात झटका खातो.

मग खरं काम घ्याल तेव्हा एकच फळी घेऊ नका. तुमच्या भोकं पाडलेल्या प्लायखाली तेवढ्याच मापाच्या ३ मिमीच्या अजून दोन ठेवा, कडेने मास्किंग टेप घट्ट गुंडाळा आणि त्याच भोकांतून ड्रिल परत खालपर्यंत घाला. जाडी ९ मिमी झाली की पातं ३ किंवा ५ नंबरचं घ्या, एवढ्या जाडीत पातं हळू पुढे सरकतं, त्यामुळे हाताला विचार करायला वेळ मिळतो, आणि तीन आया एकदम तयार होतात. एक तुम्हाला, दोन भावंडांना. सुरुवात केसांपासून नको, डोळ्यांपासूनच करा, कारण केस, पदर, गळ्यातलं सगळं कापून झाल्यावर शेवटी डोळे राहिले तर परत दोन महिने प्लाय पडून राहील.

सरावाचे बिघडलेले तुकडे टाकू नका. त्यांचा फोटो काढून मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, पूल कुठे तुटतोय ते मी बघून कळवतो, पुढच्या अंकाची वाट बघायची गरज नाही.